रॅम एवढी महाग का झाली? उत्तर बारावीच्या कपॅसिटरच्या धड्यात आहे

माझ्या भाचीला या वर्षी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे, आठ जीबी रॅमचा. त्यात सोळा जीबीची एक पट्टी टाकली की पोरीची तीन-चार वर्षं निघतील, असा माझा साधा हिशेब होता. तपकीर गल्लीतल्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी म्हटलं, "अहो, मी पट्टीचा भाव विचारतोय, लॅपटॉपचा नाही." तो हसला. म्हणाला, "सर, हा सकाळचा भाव आहे. संध्याकाळचं मी काही बोलत नाही." सोनाराच्या दुकानात ऐकायचं वाक्य, रॅमच्या दुकानात ऐकलं.

२०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत जगभर हेच झालं. मेमरीचे भाव दुपटीच्या पलीकडे गेले, आणि फक्त नव्या डीडीआर५ चे नाही तर जुन्या डीडीआर४ चेसुद्धा. बातम्यांत कारण एका ओळीत येतं: एआयच्या डेटा सेंटर्सनी सगळी मेमरी उचलली. हे खरंच आहे. पण भाचीने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्या ओळीत नाही. "मामा, मागणी वाढली तर जास्त बनवायची ना! चिपा तर दरवर्षी लहान होतात म्हणे. मग तेवढ्याच जागेत दुप्पट रॅम का नाही बसत?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि गंमत अशी, की त्याचं उत्तर तिने याच वर्षी परीक्षेसाठी पाठ केलेल्या आणि परीक्षेनंतर ताबडतोब विसरलेल्या धड्यात आहे.

पंख्यातला कंडेन्सर आणि रॅममधला

पंखा हळू फिरायला लागला की वायरमन येतो आणि म्हणतो, "कंडेन्सर गेला." तो कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर. दोन धातूचे पत्रे, मध्ये वीज वाहू न देणारा पातळ थर. एका पत्र्यावर धन प्रभार, दुसऱ्यावर ऋण, आणि मधल्या फटीत विद्युत क्षेत्र. बस्स, एवढंच यंत्र. साठलेला चार्ज म्हणजे धारिता गुणिले व्होल्टेज, हे सूत्र तुम्हाला आठवत असेल.

रॅममध्येही हेच आहे. १९६६ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलं, की एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरे. कपॅसिटर भरलेला असेल तर '१', रिकामा असेल तर '०'. ट्रान्झिस्टर हे त्याचं दार. १९६८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. तेव्हापासून आजपर्यंत कारखान्यांनी साहित्य बदललं, आकार बदलला, पण ही मूळ रचना बदललेली नाही. तुमच्या सोळा जीबीच्या पट्टीत असे जवळजवळ १३,७४४ कोटी कपॅसिटर आहेत.

आता आकार बघा. पंख्याचा कंडेन्सर साधारण अडीच मायक्रोफॅरडचा. रॅममधला एक कपॅसिटर ढोबळ मानाने दहा फेम्टोफॅरडचा धरू. म्हणजे पंख्यातल्या एका डबीत रॅमचे २५ कोटी कपॅसिटर. सव्वा व्होल्टपेक्षाही कमी व्होल्टेजवर त्यात मावतो किती चार्ज? १.१ व्होल्ट धरून गुणाकार केला तर '०' आणि '१' यांच्यातला फरक येतो सुमारे ६९ हजार इलेक्ट्रॉनांचा. एक बिट म्हणजे एवढीच गर्दी, एखाद्या तालुक्याच्या गावाच्या लोकसंख्येइतकी. सगळी सोळा जीबी '०' वरून '१' करायची म्हटली तरी दीड मिलिकूलॉम चार्ज लागेल. पाच हजार एमएएचच्या फोनच्या बॅटरीत १८ हजार कूलॉम असतात. आपल्या कामाची, फोटोंची, उघड्या ठेवलेल्या चाळीस टॅबची सगळी आठवण त्या तुलनेत हवेसारखी आहे.

आणि ही आठवण टिकत नाही. कपॅसिटर गळका आहे. दार बंद असलं तरी फटीतून इलेक्ट्रॉन निसटतात, मधल्या थरातूनही निसटतात. म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक पेशी वाचून पुन्हा भरावी लागते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर त्याच्या दुप्पट वेळा, कारण तापलं की गळती वाढते. 'डायनॅमिक' रॅम हे नाव यातूनच आलं. तुम्ही काही करत नसलात तरी ती बिचारी माठ भरत बसलेली असते.

लहान का करता येत नाही

भाचीच्या प्रश्नाकडे येतो. प्रोसेसरमधला ट्रान्झिस्टर हा नळाच्या तोटीसारखा आहे: चालू की बंद एवढंच त्याचं काम. तोटी लहान केली तरी ती तोटीच राहते. कपॅसिटर हा माठ आहे. माठ लहान केला की पाणी कमी मावतं.

मग कमी चार्जवर भागवायचं का नाही? इथे वाचण्याची पद्धत आडवी येते. एक पेशी वाचायची तर तिचं दार उघडून तिचा चार्ज एका लांब तारेवर सोडतात. त्या तारेला स्वतःची धारिता असते, पेशीच्या कित्येक पट. समजा तार ४० फेम्टोफॅरडची, आधीच अर्ध्या व्होल्टेजवर ठेवलेली. पेशीतला चार्ज त्यात मिसळला की तारेचं व्होल्टेज हलतं फक्त ०.११ व्होल्टने. तेवढा कंप ओळखून यंत्रणेने ठरवायचं: '१' होतं की '०'. वाचताना पेशी रिकामी होते ते वेगळंच, ती परत भरावी लागते. आता पेशीची धारिता निम्मी करा. कंपही जवळपास निम्म्यावर येतो, आणि आजूबाजूच्या गोंगाटात हरवायला लागतो. म्हणून जागा कितीही कमी झाली तरी धारिता एका मर्यादेखाली नेता येत नाही. सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

धारिता कशावर अवलंबून? पत्र्यांचं क्षेत्रफळ, मधल्या थराचा पदार्थ, आणि थराची जाडी. तीनच चाव्या. तिन्ही पिळून झाल्या आहेत.

जाडी घ्या. थर पातळ केला की धारिता वाढते. तो आता पाच नॅनोमीटरच्या आसपास आला आहे. त्याच्यावर साधारण अर्धा व्होल्ट. अर्धा व्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण विद्युत क्षेत्र म्हणजे व्होल्टेज भागिले अंतर. भागाकार केला तर मीटरला अकरा कोटी व्होल्ट येतात. हवेत मीटरला तीस लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते, वीज कडाडते. त्याच्या छत्तीस पट क्षेत्र तुमच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये, हजारो कोटी ठिकाणी, गपचूप उभं आहे. थर आणखी पातळ केला तर इलेक्ट्रॉन त्यातून आरपार निघून जातात. भिंत आहे, पण असून नसल्यासारखी.

पदार्थ घ्या. सुरुवातीला सिलिकॉन डायऑक्साइड होता, ज्याचा पराविद्युत स्थिरांक चारच्या आसपास. मग नायट्राइड आलं, ॲल्युमिनियम ऑक्साइड आलं, हाफनियम आणि झिर्कोनियमची ऑक्साइडं आली. झिर्कोनियम ऑक्साइड योग्य स्फटिकरूपात चाळीसच्या जवळ जातं. दहापट मिळाली, ठीक. याहून जास्त स्थिरांकाचे पदार्थ आहेत, पण त्यातले बरेचसे इतक्या पातळ थरात गळायला लागतात. जास्त माल मावतो आणि जास्त गळतो, अशी ती अडचण.

उरलं क्षेत्रफळ. बारावीच्या गणितासारखं करून बघा. दहा फेम्टोफॅरड हवेत, स्थिरांक ३५, जाडी पाच नॅनोमीटर. क्षेत्रफळ लागतं सुमारे १,६०,००० चौरस नॅनोमीटर. आणि एका पेशीच्या वाट्याला चिपवर जागा किती? आजच्या हिशेबाने ढोबळ १,३०० चौरस नॅनोमीटर. म्हणजे शंभर चौरस फुटांच्या प्लॉटवर बारा हजार चौरस फुटांचा पत्रा बसवायचा. मुंबईकराला याचं उत्तर सांगायला नको: वर जा. कपॅसिटर आडवा न ठेवता उभा करतात, खांबासारखा, आणि खांबाचा अंगचा पृष्ठभाग वापरतात. तीस नॅनोमीटर रुंदीचा खांब धरला तर उंची निघते सतराशे नॅनोमीटर. रुंदीच्या सत्तावन्न पट.

एक मीटर रुंद खांब सत्तावन्न मीटर उंच, म्हणजे अठरा-एकोणीस मजले, आणि शेजारचा खांब हातभरही लांब नाही. असे हजारो कोटी. हा खांब उभा करायला आधी तेवढंच खोल आणि तेवढंच अरुंद भोक सरळ पाडावं लागतं. मध्येच वाकडं झालं की शेजाऱ्याला टेकलं. त्याच्या आतून पाच नॅनोमीटरचा थर वरपासून तळापर्यंत सारखा चढवावा लागतो. मला सगळ्यात आवडलेला भाग धुण्याचा आहे. खांब धुतल्यावर वाळवताना मधल्या पाण्याचा पृष्ठताणच त्यांना एकमेकांकडे ओढतो आणि ते कोलमडतात, ओले केस एकमेकांना चिकटतात तसे. म्हणून खांबांना अधूनमधून जाळीचा आधार द्यावा लागतो, बांधकामाला परांची लावतात तसा.

यावरून लक्षात येईल की दर पिढीत किती थोडकं मिळतंय. कंपन्यांनी एके काळी पिढीचं नाव नॅनोमीटरमध्ये सांगितलं. आता '१एक्स, १वाय, १झेड' आणि त्यापुढे अल्फा, बीटा, गॅमा अशी नावं आहेत. आकडा सांगण्यासारखा राहिला नाही की माणूस अक्षरांवर येतो, हे माझं मत.

"मग पेन ड्राइव्ह आणि एसएसडी कशा मोठ्या होत गेल्या?" हाही तिचाच प्रश्न. फ्लॅश मेमरीत चार्ज एका बंदिस्त थरात अडकवून ठेवतात, उंच कपॅसिटर लागत नाही. त्यामुळे पेशींवर पेशी रचून शेकडो मजले चढवता आले. रॅमचा कपॅसिटर आधीच अख्खी उंची खाऊन बसलाय. त्याच्यावर दुसरा मजला कुठे चढवणार? आडवा पाडून मजले रचायचे प्रयोग सगळ्याच कंपन्या करताहेत, पण ते तुमच्या-माझ्या खरेदीच्या यादीत अजून आलेलं नाही.

दाटीचा आणखी एक परिणाम झाला. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की एकाच ओळीचं दार पुन्हा पुन्हा, लाखो वेळा उघडझाप केलं तर शेजारच्या ओळीतले बिट आपोआप उलटतात. त्याला रोहॅमर म्हणतात. शेजारी रोज दार आपटतो आणि आपल्या भिंतीवरचा फोटो पडतो, तसं. विद्युत क्षेत्राला कागदावरची हद्द कळत नाही.

आता पैशांकडे

तर पुरवठा वाढवायचे मार्ग दोन: तेवढ्याच वेफरमधून जास्त बिट काढणं, किंवा जास्त वेफर. वेफर म्हणजे ज्या गोल तबकडीवर चिपा छापतात ती. पहिला मार्ग वर सांगितला तसा अडून बसलाय. दुसऱ्याला नवा कारखाना लागतो, आणि कारखान्याला वर्षं लागतात. मायक्रॉनने स्वतःच सांगितलंय, की त्यांच्या आयडाहोतल्या नव्या कारखान्यातून उत्पादन २०२७ मध्ये सुरू होईल.

आणि याच वेळी आली एचबीएम. एआयच्या चिपला लागून बसणारी ही खास मेमरी: रॅमच्याच आठ-बारा चिपा एकावर एक ठेवायच्या आणि आरपार भोकं पाडून तारांनी जोडायच्या. आतला कपॅसिटर तोच, डेनार्डचाच. पण त्या भोकांना जागा लागते, एक मजला बिघडला तर अख्खी इमारत धोक्यात येते. मायक्रॉनच्याच हिशेबाने तेवढेच बिट डीडीआर५ ऐवजी एचबीएममध्ये काढायला सुमारे तिप्पट वेफर लागतात. हा आकडा नीट बघा. एचबीएमचा एक जीबी बनला की लॅपटॉपच्या बाजारातून तीन जीबी गेले.

१ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी करार जाहीर केला. त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतच्या मेमरीचं उद्दिष्ट सांगितलं होतं. प्रत्यक्षात तेवढी घेतील की नाही हा वेगळा विषय. बाजाराने मात्र आकडा ऐकला आणि साठवण सुरू झाली. ३ डिसेंबरला मायक्रॉनने सांगितलं की 'क्रुशल' हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँड ते बंद करताहेत. आपल्याकडे घरी पीसी जोडणाऱ्या निम्म्या पोरांनी कधी ना कधी तो बॉक्स हातात घेतलेला असेल. जो ग्राहक एकेक पट्टी घेतो त्याच्यासाठी वेळ नाही, एवढं स्पष्ट कुणी क्वचितच सांगतं.

इथे एक शंका यायलाच हवी, आणि मलाही आली. जगातली नव्वद टक्क्यांहून जास्त रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. संगनमत तर नाही ना? शंका हवेतली नाही. २००५ मध्ये अमेरिकेत रॅमचे भाव ठरवून ठेवल्याबद्दल सॅमसंगने ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सने १८.५ कोटी डॉलर दंड मान्य केला होता. म्हणून 'बिचाऱ्या कंपन्या काय करणार' या सुरात मी बोलणार नाही. पण २०२३ आठवा. भाव कोसळले होते, कंपन्या तोट्यात होत्या, त्यांनी उत्पादन कापलं होतं. ज्याचे हात असे पोळलेत तो दोन वर्षांनी घाईघाईने नवे कारखाने उभे करत नाही. यावेळच्या टंचाईत लबाडी किती हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मात्र लबाडी शून्य धरली तरी कपॅसिटर अडलेलाच राहतो, आणि वेफर कुणाला द्यायचा हे ज्याच्याकडे पैसा जास्त तोच ठरवतो.

"आता गुजरातेत कारखाना होतोय ना, मग आपल्याला स्वस्त पडेल," असं मला गेल्या महिन्यात दोघांनी सांगितलं. मायक्रॉनचा साणंदचा प्रकल्प २०२३ मध्ये जाहीर झाला, पण तिथे काम आहे जोडणीचं आणि चाचणीचं. बाहेरून आलेल्या वेफरच्या चिपा कापायच्या, पॅक करायच्या, तपासायच्या. ते महत्त्वाचं आहे, तिथे आपल्या पोरांना नोकऱ्या आहेत. पण तो खांब साणंदला उभा राहत नाही. टाटांचा धोलेऱ्याचा कारखाना वेफरचा आहे, पण त्याचा रोख रॅमवर नाही. भावावर याने फरक पडेल अशी आशा धरू नका.

मग घ्यायची की थांबायचं?

हे विचारणारे मेसेज रोज येतात, म्हणून माझं मत सांगतो. नवीन लॅपटॉप घेणार असाल तर आधी बघा रॅम बोर्डवर चिकटवलेली आहे का. चिकटवलेली असेल तर आठ जीबीचा मोह टाळा, कारण पुढे वाढवता येणार नाही. स्लॉट मोकळा असेल तर आज कमी रॅमचा घ्या आणि नंतर वाढवा. जुन्या लॅपटॉपची डीडीआर४ पट्टी वापरलेली मिळाली तरी चालते. रॅममध्ये एसएसडीसारखी लिहून लिहून झीज होत नाही. घेतल्यावर रात्रभर मेमरी टेस्ट मात्र चालवा, आणि परत घेईन असं दुकानदाराकडून बोलून घ्या. फार स्वस्तात नवी पट्टी दाखवली तर बॉक्सवरचं नाव आणि चिपवरचं नाव जुळवून पाहा. आणि भाव 'पुढच्या महिन्यात' उतरेल म्हणून पोराचं सेमिस्टर थांबवू नका. कारखान्यांच्या तारखा बघता मला महिन्यांचा हिशेब दिसत नाही.

आम्ही काय केलं? सोळाचा नाद सोडला. एका मित्राच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधून आठ जीबीची डीडीआर४ पट्टी मिळाली, बदल्यात त्याला जेवण. भाचीनेच स्क्रू काढून बसवली. बसवताना तिने पट्टी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "यात खरंच एवढे खांब आहेत?" मी म्हटलं, यात सुमारे ६,९०० कोटी. तिने मोबाइलवर गुणाकार करून बघितला आणि म्हणाली, "६,८७२. तू वर ढकललंस."